पद्मिनीच्या काचेचं रबर

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत प्रीमियर पद्मिनी टॅक्सी म्हणून धावायची बंद झाली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती आणि मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. हिशोब सरळ होता. त्या आठवड्यात आमच्या पेशातल्या जवळपास प्रत्येकानं पद्मिनीवर काही ना काही लिहिलं. काळा-पिवळा रंग, छतावरचं कॅरिअर, सीटची फुलाफुलांची कव्हरं, हिंदी सिनेमातले प्रसंग. सगळं खरं. पण एक साधा प्रश्न त्या लिखाणात मला कुठं दिसला नाही. ही गाडी इतकी वर्षं जगली कशी? आणि जिथं मेली तिथं मेली कशानं?

कागदावर उत्तर आहे, वयानं. आमच्या गावातल्या गॅरेजमध्ये विचाराल तर उत्तर येतं, पाण्यानं. इंजिन खोलता येतं, पिस्टन-रिंगा बदलता येतात, गिअरबॉक्स उतरवून परत चढवता येतो. पण पत्रा आतून कुजला की गाडी संपली. आणि पत्रा कुजायला सुरुवात होते ती बऱ्याचदा एका काळ्या पट्टीपासून. काचेभोवतीचं रबर. कुणी बीडिंग म्हणतं, कुणी नुसतं पट्टी.

आज या रबरावर लिहायचंय. हसू नका. बोटभर रुंदीच्या या पट्टीत आपल्या उद्योग धोरणाची साठ-सत्तर वर्षं बसलीत. आणि शेवटी जो प्रश्न येतो तो पद्मिनीचा राहत नाही, तुमच्या दारात उभ्या असलेल्या गाडीचा होतो.

सुरुवात आमच्या सोलापुरापासून करावी लागते. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ चा, सोलापूरचा. जहाजं, विमानं, साखर अशा ज्या ज्या धंद्यात देशी माणसानं पडू नये असं राज्यकर्त्यांना वाटायचं, त्यात हा माणूस पडला. मोटारीचंही तसंच. तिशीच्या दशकाच्या मध्यात मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी मुंबई प्रांतात मोटार कारखाना काढायची योजना मांडली होती. वालचंद त्यात उतरले. १९३७ नंतरच्या मुंबईच्या काँग्रेस मंत्रिमंडळानं पाठिंबा दिला. पण दिल्लीतल्या ब्रिटिश सरकारनं हात वर केले आणि युद्धाच्या धामधुमीत प्रकरण लांबत गेलं. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी राहिली, कारखाना मुंबईत कुर्ल्याला. आधी अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार होता, म्हणून डॉज, प्लायमाउथ, डिसोटो. पुढे पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला इटलीची फियाट आली.

१९५४ मध्ये आली फियाट ११००. पुढचे दरवाजे उलटे उघडणारी, गोल चेहऱ्याची. मराठी माणसानं तिचं नाव ठेवलं 'डुक्कर फियाट'. कंपनीच्या कुठल्याही कागदावर हे नाव नाही, पण जुन्या गाडीवाल्यांपुढे दुसरं कुठलं नाव घेतलं तर त्यांना समजायला दोन क्षण लागतात.

याच सुमारास दिल्लीत एक निर्णय झाला आणि त्यानं पुढची चाळीस वर्षं ठरवली. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारनं धोरण घेतलं की बाहेरून सुटे भाग आणून नुसत्या जोडायच्या कंपन्या इथं नकोत. ज्यांच्याकडे टप्प्याटप्प्यानं भाग भारतातच बनवायचा कार्यक्रम आहे त्यांनीच राहावं. मुंबईत शिवडीला १९२८ पासून गाड्या जोडणारी जनरल मोटर्स १९५४ मध्ये गेली. फोर्डही गेली. राहिली ती मूठभर देशी नावं. आता गाडीचा प्रत्येक भाग इथं बनवणं भाग होतं. काच इथली, टायर इथला, बॅटरी इथली. आणि काचेभोवतीचं रबरही इथलंच.

इथं एक गंमत लक्षात घ्या. इंजिन बनवायला मोठा कारखाना लागतो, कोट्यवधींची यंत्रं लागतात. रबराची पट्टी बनवायला तसं काही लागत नाही. कच्चं रबर, गंधक, काजळी, एक गिरणी, एक साचा आणि उष्णता. मोठ्या कारखान्यांच्या आसऱ्यानं जे छोटे शेड उभे राहिले त्यात रबराचा माल बनवणारेही होते. कंपनीला माल द्यायचा आणि उरलेला बाजारात. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याला सुट्या भागांची जी दुकानं बहरली, त्यांच्या छतांना लटकणाऱ्या काळ्या पट्ट्यांच्या वेटोळ्यांचा उगम या धोरणात आहे.

आता रबराबद्दल थोडं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

रबराचं झाड मूळचं ब्राझीलचं. १८७६ मध्ये हेन्री विकहॅम नावाच्या इंग्रजानं तिथून सत्तर हजार बिया लंडनच्या क्यू बागेत नेल्या. तिथून रोपं सिलोनला, मलायाला आणि आपल्याकडे केरळात आली. केरळात व्यापारी लागवड १९०२ ला सुरू झाली. स्वातंत्र्याच्याच वर्षी रबर कायदा झाला आणि कोट्टायमचं रबर बोर्ड आलं. म्हणजे कच्च्या मालाची अडचण आपल्याला फारशी नव्हती. पण झाडाचा चीक तसाच वापरला तर उन्हात चिकट होतो, थंडीत तडकतो. त्यात गंधक घालून तापवलं की तो टिकाऊ आणि लवचीक होतो. अमेरिकेत चार्ल्स गुडइयरनं १८४४ मध्ये याचं पेटंट घेतलं, इंग्लंडमध्ये थॉमस हॅनकॉकनं.

तरीही नैसर्गिक रबराची एक खोड राहतेच. हवेत अगदी थोडा ओझोन असतो. तो रबराच्या साखळीतले दुबार बंध तोडत जातो. रबर सैल असेल तर फार बिघडत नाही, पण ताणलेलं असेल तर ताणाला आडव्या अशा बारीक भेगा पडतात. तुमच्या जुन्या गाडीच्या काचेच्या कोपऱ्यावर नख फिरवून बघा. सरळ पट्टीवर रबर ठीक दिसेल, कोपऱ्यात मात्र सुकलेल्या तळ्याच्या चिखलासारखं चिरलेलं असेल. कोपऱ्यातच का? कारण वळणावर ते ताणलेलं असतं. पाणी आत शिरतं ते तिथूनच.

साठच्या दशकात जगात ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर बाजारात आलं. त्याच्या मुख्य साखळीत ते कच्चे बंध नाहीत, त्यामुळे ओझोन त्याचं फारसं वाकडं करू शकत नाही. आज चांगल्या गाडीच्या दारा-खिडक्यांची पट्टी बहुधा याचीच असते. बाजारात पट्टी घेताना दुकानदाराला हाच एक प्रश्न विचारावा.

परत कुर्ल्याला येऊ. १९६४ मध्ये डुक्कर फियाटच्या वारसदारांची जागा नव्या चेहऱ्याच्या ११०० डिलाइटनं घेतली. मुंबईत टॅक्सी म्हणूनही ती तेव्हापासूनच धावायला लागली. पुढे फियाटचं नाव गेलं, गाडी आधी 'प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ पासून 'पद्मिनी'. जाळी बदलली, दिवे बदलले, नंतर नंतर गिअर स्टीअरिंगवरून खाली आला. पण मूळ सांगाडा तोच. इटलीत फियाटनं ही गाडी साठच्या दशकातच बंद करून टाकली. आपल्याकडे ती २००० च्या आसपासपर्यंत बनत राहिली. साडेतीन दशकं एकच गाडी!

हे काही कौतुकानं सांगत नाही. बंद बाजारपेठेचा हा परिणाम होता आणि तो गिऱ्हाइकानं भोगला. गाडीसाठी पैसे भरून लोक वर्षानुवर्षं थांबायचे. देशी गाड्यांच्या दर्जाबद्दल इतकी ओरड झाली की १९६७ मध्ये केंद्र सरकारला त्यासाठी चौकशी समिती नेमावी लागली. १९६९ मध्ये सरकारनं किमती ठरवून द्यायला सुरुवात केली तेव्हा कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. कंपनी म्हणणार, या किमतीत दर्जा कसा देऊ. सरकार म्हणणार, या दर्जाला वाढीव किंमत कशी देऊ. मधल्या मधे नव्या कोऱ्या गाडीत पहिल्याच पावसात पायाशी पाणी साचायचं. आमच्याकडचे जुने गाडीवाले हे आजही हसून सांगतात. तेव्हा हसत नसावेत.

पण त्याच बंद बाजारपेठेनं नकळत एक दुसरी गोष्ट घडवली. गाडी बदलत नव्हती म्हणून तिचे भाग बदलत नव्हते. भाग बदलत नव्हते म्हणून छोट्या शेडवाल्याला एकदा केलेला साचा वीस-पंचवीस वर्षं चालत होता. आणि साचा चालत होता म्हणून तालुक्याच्या गावातल्या मिस्त्रीला सहज पट्टी मिळत होती. कंपनीच्या वर्कशॉपचं तोंड न बघता त्यानं ही गाडी उघडून उघडून पाठ केली. सरकारनं ठरवून केलेलं नाही, कंपनीनं तर नाहीच नाही. पण दुरुस्तीचं एक मोठं विद्यापीठ या देशात गॅरेजांच्या पत्र्याखाली उभं राहिलं. त्याची पदवी कुणाला मिळाली नाही एवढंच.

या विद्यापीठातले आमच्या गावातले प्राध्यापक म्हणजे चाचा. वय सत्तरीच्या आसपास. गावात सगळे त्यांना चाचाच म्हणतात. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे एक पद्मिनी आली होती, पुढच्या काचेचं रबर बदलायला. मालकाला मुलाच्या लग्नाची वरात त्याच गाडीतून काढायची होती. मी दोन दिवस तिथं बसून होतो. जे बघितलं ते लिहून ठेवतो, कारण हे मराठीत कुठं लिहिलेलं मला सापडलं नाही.

पहिला दिवस काच काढण्यात आणि पत्रा साफ करण्यातच गेला. जुनं रबर वाचवायचा प्रयत्न करायचा नाही. आतून ब्लेडनं त्याची कड कापायची, म्हणजे काच दाबाशिवाय सुटते. काच निघाली की खरी गाडी दिसते. पत्र्याची जी कड रबराच्या खाचेत बसते, तिथं गंजाचा भुगा होता. दोन ठिकाणी तर बोट आरपार. चाचांनी पुट्टी लावू दिली नाही. "पत्रकार, गंजावर पुट्टी म्हणजे जखमेवर पावडर," म्हणाले. सडलेला तुकडा कापून नवा पत्रा झाळला, घासला, रेड ऑक्साईडचा हात दिला आणि रात्रभर वाळू दिला. नवं रबर कितीही चांगलं आणा, खालची कड खडबडीत असेल तर ते बसत नाही आणि बसलं तरी पाणी धरत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवं रबर उन्हात टाकलं. तापलं की नरम पडतं, मग वळणं नीट घेतं. ते आधी काचेला चढवायचं, गाडीला नाही. पट्टी कापून जोडायची असेल तर इथंच बहुतेक जण फसतात. ओढून ताणून मापाला कापतात. बसवताना सुंदर दिसतं. दोन महिन्यांनी रबर आपल्या मूळ लांबीला आक्रसतं आणि सांध्यात फट पडते, कोपरे उचलले जातात. चाचा पट्टी मापापेक्षा किंचित लांब ठेवतात आणि दाबून कोंबतात. "रबराला ओढायचं नाही, दाबायचं," हे त्यांचं वाक्य. वरचं ओझोनचं प्रकरण आठवा. ताणलेलं रबर लवकर चिरतं हे रसायनशास्त्र चाचांनी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

मग दोरी. रबराच्या बाहेरच्या बाजूला जी खाच पत्र्याच्या कडेवर बसणार, त्या खाचेत सगळीकडून नायलॉनची बारीक दोरी भरायची. दोन्ही टोकं खाली मधोमध एकमेकांवरून ओलांडून आतल्या बाजूला लोंबती ठेवायची. पत्र्याच्या कडेला आणि रबराला साबणाचं पाणी लावायचं. तेल किंवा ग्रीस कधीच नाही, त्यानं रबर फुगतं आणि पिचतं. एका माणसानं बाहेरून दोन्ही तळव्यांनी काच चौकटीवर दाबून धरायची. दुसऱ्यानं आत बसून दोरीचं एक टोक हळूहळू ओढायचं. दोरी जशी निघते तशी रबराची आतली ओठ पत्र्याच्या कडेवरून आत उडी मारते. आधी खालची बाजू, मग दोन्ही कडा, शेवटी वरची. बाहेरच्या माणसाचा तळवा आणि आतल्या माणसाची दोरी एकाच जागी हवी. चाचा बाहेर, पुतण्या आत. दोघं बोलत नव्हते. काचेवर बोटानं टकटक, बस्स. साधारण वीस मिनिटांत काच जागेवर.

काम इथं संपत नाही. रबर आणि काच यांच्यामध्ये, मग रबर आणि पत्रा यांच्यामध्ये, बाहेरची ओठ जराशी उचलून बारीक नळीनं सीलंट भरायचा. तो कधी पूर्ण घट्ट न होणारा हवा, कारण गाडीचं अंग रस्त्यावर सतत पिळवटत असतं. घट्ट होणारा सीलंट तडकतो. बाजारात मिळणारा साधा सिलिकॉन, ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, तो इथं चालत नाही. तो वाळताना आम्ल सोडतो आणि ते पत्र्याला गंज चढवतं. म्हणजे पाणी अडवायला लावलेली गोष्टच पत्रा खाते.

शेवटी तपासणी. पाण्याचा पाइप खालून सुरू करायचा, हळूहळू वर न्यायचा. वरून सुरू केलं तर गळती नेमकी कुठून ते कळत नाही, कारण पाणी ओघळून भलतीकडेच टपकतं. दारांच्या रबराला वेगळी परीक्षा. दारात कागदाची पट्टी धरून दार लावायचं आणि कागद ओढायचा. अडकून आला तर रबर दाबलं जातंय. सुळकन आला तर तिथून वारा आणि पाणी दोन्ही येणार.

आणि एक गोष्ट, जी मला इतक्या वर्षांत माहीत नव्हती. दाराची खालीवर होणारी काच कधीच पूर्ण पाणी अडवत नाही. तशी अपेक्षाच नसते. काचेवरून थोडं पाणी दाराच्या पोटात उतरणारच. म्हणून दाराच्या तळाशी भोकं ठेवलेली असतात, तिथून ते बाहेर पडतं. कित्येक लोक गळती थांबवायच्या नादात ही भोकं सीलंटनं बुजवतात. मग पाणी दारातच साठतं आणि दार आतून कुजतं. पाणी रोखणं आणि पाण्याला वाट देणं, दोन्ही एकाच कामाचे भाग आहेत. आमच्याकडे ओढे बुजवून वसाहती उठवणाऱ्यांना चाचांच्या गॅरेजवर दोन दिवस बसवायला हवं.

आता आजच्या गाडीकडे या. नव्वदच्या दशकानंतर आपल्या रस्त्यांवर आलेल्या नव्या मोटारींत पुढची काच रबरात बसवलेली नसते, ती पॉलियुरेथेनच्या चिकटद्रव्यानं थेट सांगाड्याला चिकटवलेली असते. भोवती जी काळी पट्टी दिसते ती बहुतांशी शोभेची. ही पद्धत वाईट आहे असं म्हणायचं नाही. चिकटवलेली काच सांगाड्याला बळकटी देते, गाडी उलटली तर छत दबायला विरोध करते, शेजारच्या सीटची एअरबॅग फुगताना काचेचा आधार घेते. माणसं वाचतात. दोरी आणि साबणाच्या पाण्याच्या गाडीत हे सुख नव्हतं.

पण त्याबरोबर काय गेलं तेही बघायला हवं. ती काच बदलायला योग्य चिकटद्रव्य, योग्य प्राइमर आणि ते पक्कं होईपर्यंत गाडी न हलवण्याची शिस्त लागते. आता कित्येक गाड्यांच्या काचेमागे कॅमेरे आणि सेन्सर आलेत, ते पुन्हा जुळवायला कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं. तालुक्याच्या मिस्त्रीकडे यातलं काही नाही. त्याला कुणी शिकवत नाही, कंपनी माहिती देत नाही. मॉडेल पाच-सात वर्षांत बदलतं, त्यामुळे छोट्या शेडवाल्याला साचा करणं परवडत नाही. दुरुस्तीचं ते विद्यापीठ बंद पडतंय आणि त्याची बातमीही कुणी करत नाही.

कुर्ल्याच्या कारखान्याचा शेवटही याच काळातला. बाजार उघडला तेव्हा प्रीमियरनं प्यूजोशी हातमिळवणी करून कल्याणच्या कारखान्यात नवी गाडी काढली, फियाटशी पुन्हा जमवून उनो आणली. दोन्ही संसार टिकले नाहीत. जी गाडी तीस वर्षं बदलायची गरज पडली नव्हती, ती स्पर्धा आल्यावर पाच वर्षांत बदलता आली नाही. रस्त्यावरच्या पद्मिन्या मात्र धावत राहिल्या. गाडीचं उत्पादन थांबल्यावरही दोन दशकं मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी त्या चालवल्या, त्या नाना पेठ आणि कुर्ल्याच्या पट्ट्यांवर आणि चाचांसारख्यांच्या हातांवर. मुंबईत टॅक्सीला २००८ मध्ये पंचवीस वर्षांची मर्यादा आली, २०१३ मध्ये ती वीसवर आली, आणि मग २०२३.

आता सार्वजनिक प्रश्नाकडे येतो. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी पुन्हा करावी लागते. मोटारीसाठी हे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० झालं. २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या मोटारीला ते १०,००० केलं. वर आपल्या राज्यात पर्यावरण कर वेगळा. दुसऱ्या बाजूला २०२१ च्या केंद्रीय नियमानं पन्नास वर्षांवरच्या, मूळ स्वरूपात जपलेल्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं, नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत. पण ती गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही.

म्हणजे बघा. १९७४ ची पद्मिनी २०२४ मध्ये व्हिंटेज झाली. २००० ची पद्मिनी व्हिंटेज व्हायला २०५० उजाडावं लागेल. मधल्या वयाची गाडी सरकारच्या लेखी फक्त जुनी, आणि जुनी म्हणजे दंड वाढवत नेऊन भंगारात ढकलायची. हौशी श्रीमंताच्या शेडमधल्या गाडीला मानाचं पान आणि निवृत्त मास्तरांच्या अंगणातल्या गाडीला दरवाजा.

प्रदूषणाचा मुद्दा खोटा नाही. कार्ब्युरेटरची जुनी गाडी नव्या गाडीपेक्षा जास्त धूर ओकते, हे मान्य करूनच पुढं बोलायला हवं. रोज शंभर किलोमीटर पळणाऱ्या टॅक्सीला वयाची मर्यादा घालणं समजू शकतं. पण महिन्याला पन्नास किलोमीटर चालणारी, नीट राखलेली गाडी आणि दिवसभर धूर सोडत फिरणारी गाडी यांना एकाच तराजूत कसं तोलायचं? तपासायचंच तर वय तपासू नका, अवस्था तपासा. धूर मोजा, ब्रेक मोजा, पत्रा टोचून बघा. जन्मतारीख बघायला तज्ज्ञ लागत नाही, कारकून पुरतो. आणि हेही लक्षात ठेवा की नवी गाडी बनवायलाही पोलाद, वीज आणि पाणी लागतं. जी गाडी एक पट्टी बदलून दहा वर्षं जगू शकते, तिला भंगारात घालून नवी घेणं पर्यावरणाच्या नावावर सरसकट खपवू नये.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, डिसेंबरात पोर्टलही सुरू केलं. त्यात शेती अवजारं, मोबाइल आणि घरगुती उपकरणांबरोबर वाहनंही आहेत. चांगलं पाऊल आहे. पण पोर्टलवर माहिती टाकायला कंपन्यांवर कायद्याची सक्ती होत नाही तोवर त्याचा चाचांच्या पुतण्याला उपयोग शून्य. कंपनीनं मॉडेल बंद केल्यावर सुटे भाग किती वर्षं द्यायचे, दुरुस्तीची पुस्तिका आणि भागांची मापं स्वतंत्र मिस्त्रीला कशी मिळायची, हे कायद्यात स्पष्ट लिहिलं गेलं पाहिजे. आणि आपल्या आयटीआयमध्ये चाचांसारख्या माणसाला आठवड्यातून दोन तास शिकवायला बोलवायला काय हरकत आहे? त्यांच्याकडे प्रमाणपत्र नाही म्हणून? पन्नास वर्षं काचा बसवल्यात त्यांनी.

चाचांना मी विचारलं, पुतण्या हे काम पुढं चालवेल का. ते म्हणाले, "त्याला येतंय सगळं. पण गाड्याच राहिल्या नाहीत तर दोरी ओढणार कशावर?"

माझी तुम्हाला दोन कामं आहेत. पहिलं, पावसाळ्याआधी आपल्या गाडीच्या दारांच्या तळाशी हात घाला, ती भोकं शोधा आणि एखाद्या बोथट काडीनं मोकळी करा. गाडी दोन वर्षांची असो वा वीस, फुकटचं काम आहे. दुसरं, तुमच्या गावात असं काम येणारा कुणी मिस्त्री असेल तर त्याच्याकडे एक दिवस बसा, तो काय करतो ते मोबाइलवर उतरवून ठेवा आणि इथं खाली कामाबद्दल लिहा. कोणत्या गाडीचं कोणतं रबर, कसं बसवतात, कुठं चुकतं. रबराचा साचा हरवला तर पुन्हा करता येईल. तळव्याला आणि दोरीला एकाच वेळी कळणारी ती जागा हरवली तर ती पुन्हा करून देणारा कारखाना कुठं नाही.